बऱ्याच दिवसांत न लागलेला आकडा

शिवडीच्या अलीकडचं स्टेशन कॉटन ग्रीन; नावातच कापूस. मटकाही कापसातूनच आला. न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत पैसे लागत, म्हणून ‘ओपन’ आणि ‘क्लोज’. साठच्या दशकात ते भाव मिळेनासे झाले, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आपापले आकडे काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्ते.

गिरण्या बंद पडल्या, पण गिरणगावातली एक समजूत अजून तशीच आहे: ‘सात वीस दिवसांत लागला नाही, आता लागणारच.’ वहीत रोजचे आकडे उतरवलेले, रकान्यांखाली पेनानं दोनदा गिरवलेला सात, आणि त्यावर लावलेली अर्धी रोजी.

पत्ते नीट पिसलेले असतील, तर सात लागण्याची शक्यता दहात एक. काल तेवढीच, उद्याही तेवढीच. एखादा आकडा सलग वीस वेळा न लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे, आणि आकडे दहा आहेत. म्हणजे वही कधीही उघडा, वीस वेळा हुकलेला एखादा आकडा त्यात बहुतेक सापडणारच. तो दिसला म्हणून खूण मिळाली असं मानणं साफ चूक आहे.

शिकलेली माणसं इथे बर्नुलीचा १७१३ सालचा नियम पुढे करतात: शेवटी सरासरी जुळतेच ना! जुळते, पण भरपाई होऊन नव्हे. समजा, पहिल्या शंभर वेळी सात एकदाही आला नाही. पुढच्या नऊशे वेळी तो नेहमीच्या गतीनं नव्वदच्या आसपास येईल. हजारात नव्वद, म्हणजे ९ टक्के. जुनी तूट तशीच राहिली, फक्त मोठ्या आकड्यात ती किरकोळ झाली.

शक्यता नेमकी असते कुठे, यावर तत्त्वज्ञांचं एकमत नाही. कार्ल पॉपर तिला प्रयोगाच्या मांडणीतला खराखुरा कल मानत. ब्रूनो द फिनेट्टी म्हणत, ती बाहेर नसतेच. शक्यता म्हणजे आपल्या खात्रीचा अंश. रिचर्ड फॉन मिझेस यांनी तर १९१९ साली शक्यतेच्या व्याख्येतच अट घातली, की मागचे निकाल पाहून पैसे लावण्याची कुठलीही युक्ती चालता कामा नये. पण ‘आता लागणारच’ याला यांच्यापैकी कुणाचाही आधार नाही. उलट द फिनेट्टींच्या वाटेनं जाणारा, सात इतके दिवस येत नाही हे पाहून सोडतीवरच संशय घेईल आणि सातावरचा भरवसा कमी करील.

‘मागच्या सोडतीत घर हुकलं, आता आपलाच नंबर’ हेही तसंच. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी म्हाडाची ६,९२५ घरांची सोडत निघाली. ज्यांना घर लागलं ते यादीतून वगळले गेले, तर उरलेल्यांची संधी थोडी वाढते. पण ती सगळ्यांची सारखीच, हुकलेल्याला वेगळा मान नाही.

आणि ‘मुंबई बुडवणारा २६ जुलैसारखा पाऊस शंभर वर्षांत एकदाच’? दरवर्षी शंभरात एक शक्यता धरली, तरी तीस वर्षांत तसा पाऊस निदान एकदा पडण्याची शक्यता २६ टक्के होते. शिवडीच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तरी सामान माळ्यावरून खाली आणू नये.