‘सुहैली’ आणि ‘म्हादई’ : लांबीचा फरक किती, काळाचा किती?

कुठेही न थांबता, एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश होते. मात्र त्यांची ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ही सागवानी नौका पाण्यात उतरवण्यात आली. हाच पराक्रम २०१३ मध्ये करणारे पहिले भारतीय, नौदलाचे अभिलाष टॉमी, मुंबईला परतले ते ‘म्हादई’तून. ही नौका गोव्यात, मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली व फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. एकीची लांबी ३२ फूट, दुसरीची ५६ फूट. दोघींच्या मध्ये ४४ वर्षांचे अंतर. मग या दोन नौकांत जो फरक दिसतो तो लांबीचा किती आणि काळाचा किती?

सर्वांत आधी दिवसांचा हिशेब मांडला जातो. ‘सुहैली’ला ३१२ दिवस लागले, ‘म्हादई’ला १५१. परंतु हे आकडे असे शेजारी ठेवणे न्याय्य नाही. ‘सुहैली’ इंग्लंडमधील फाल्मथहून निघाली आणि तेथेच परतली. तिला अटलांटिक महासागर उभा दोनदा कापावा लागला. तिची सफर सुमारे ३० हजार सागरी मैलांची, तर मुंबईहून निघालेल्या ‘म्हादई’ची सुमारे २३ हजारांची. दिवसाला ९६ मैल आणि १५२ मैल, असा खरा फरक निघतो. म्हणजे सरासरी वेग चार नॉट आणि सहा नॉटहून थोडा अधिक.

यातील बराचसा वाटा केवळ लांबीचा आहे. नौका पाणी कापू लागली की तिच्या पुढच्या टोकाशी एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते आणि नौकेच्या लांबीइतकी झाली की नौका जणू स्वतःच उठवलेल्या चढावर अडकते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. २८ फुटांना ती सुमारे सात येते, ५० फुटांना साडेनऊ. ‘सुहैली’ कितीही कुशलतेने हाकली असती तरी हा नियम तिला मोडता आला नसता.

वजनाची गोष्ट मात्र निराळी. लांबी पावणेदोन पट झाली की, आकार तसाच ठेवल्यास, वजन पाचपटीहून अधिक व्हावयास हवे. नऊ-दहा टनांची ‘सुहैली’ त्याच घडणीत ५६ फुटी केली तर ती ५० टनांच्या आसपास जाईल. ‘म्हादई’ २३ टनांची आहे. ही किमया काळाची. ‘सुहैली’चा आराखडा विल्यम अ‍ॅटकिन यांचा, नॉर्वेच्या जुन्या बचाव-नौकांच्या वळणाचा, जाड फळ्या, दोन्ही टोके निमुळती आणि तळाशी टोकापासून टोकापर्यंत गेलेला कणा. गंमत म्हणजे मागवला होता दुसराच आराखडा, हाती पडला हा. वेळ नसल्याने त्यावरच काम सुरू झाले. ‘म्हादई’चा आराखडा डच, तिच्यात लाकडाच्या पट्ट्या इपॉक्सी व काचतंतूंत बसवलेल्या आहेत, त्यामुळे गळायला फळ्यांचे सांधेच नाहीत.

‘सुहैली’चे सांधे गळले. निघाल्यावर काही आठवड्यांतच नॉक्स-जॉन्स्टन यांना भर समुद्रात बुडी मारून फटींत कापूस ठासावा लागला, वर तांब्याची पट्टी ठोकावी लागली. मध्येच आलेल्या शार्कला गोळी घालावी लागली. पुढे स्वयंचलित सुकाणू यंत्र मोडले. तरीही लांब कण्यामुळे, शिडांचा तोल साधला की नौका आपली दिशा धरून चाले आणि ते झोपू शकत. एका माणसाला दोन हातांनी दुरुस्त करता येईल अशी ती नौका होती. ‘म्हादई’ची डोलकाठी २५ मीटर उंच, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. तिच्या शिडांचा ताण नुसत्या मनगटाच्या बळावर आवरणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे. तेथे चक्र्या आणि अवजारांवर भिस्त ठेवावीच लागते.

सर्वांत मोठे अंतर मात्र दोन्ही नौकांच्या बांधणीत नाही. ‘सुहैली’चा रेडिओ बंद पडला आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडजवळ दिसल्यानंतर एप्रिल १९६९ पर्यंत ते जिवंत आहेत की नाहीत हे घरच्यांनाही कळले नाही. टॉमी उपग्रहाद्वारे किनाऱ्याच्या संपर्कात होते.

या संपर्कामुळेच पुढे त्यांचा जीव वाचला, आणि तोही ‘सुहैली’च्या प्रतिकृतीत! २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी दांडेकर यांच्याच कंपनीने ‘थुरिया’ ही ३२ फुटी नौका बांधली होती. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिला उलटी केली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या मणक्याला इजा झाली. तीन दिवसांनी फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना वाचवले. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतील भीषण दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांत असे आढळले होते की, लांबीच्या ३० टक्के उंचीची फुटती लाट आडवी आदळली तर काही नौका उलटतात आणि ६० टक्क्यांना जवळपास साऱ्याच. बत्तीस फुटांना ही उंची १९ फूट, छप्पन्न फुटांना जवळजवळ ३४ फूट. त्या अक्षांशांवर १९ फुटी लाट ही रोजची गोष्ट आहे. ३४ फुटी मात्र वादळातली.

‘सुहैली’ १९९७ मध्ये ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली होती. तेथील कोरड्या हवेत सागवान आकसू लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ मध्ये तिला बाहेर काढले, स्वतः दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात सोडले. २०१८ च्या जूनमध्ये, प्रदक्षिणेला निघाल्याच्या पन्नासाव्या वर्षी, ती फाल्मथच्या खाडीत शिडे उभारून फिरत होती.