अढीतली ऊब

ऑकलंडच्या एका गोठ्यात सकाळी एक कोकरू पडलेलं दिसलं. ते श्वास घेत होतं, आणि तेच नवलाचं होतं. मेंढीचे दिवस भरायला जवळजवळ पाच महिने लागतात आणि हे पिल्लू त्याच्या महिनाभर आधीच बाहेर आलेलं. त्या वयात फुप्फुसं काळजाच्या तुकड्यासारखी घट्ट असतात, त्यांत हवा शिरत नाही. माँट लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ खरं तर फुप्फुसांच्या मागावर नव्हतेच. कळा सुरू कोण करतं, आई की गर्भ, एवढंच त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी ते गर्भातल्या कोकरांना स्टेरॉइड देत होते. उत्तर हवं होतं एका प्रश्नाचं, हाती लागलं दुसऱ्याचंच. तो निबंध १९६९ साली छापून आला.

कच्ची फुप्फुसं उघडतात कशी, या दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा भाग त्याच्या दहा वर्षं आधी बोस्टनमध्ये सुटलेला होता. वायुकोश आतून ओला असतो आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला सतत मिटवू पाहतो. तो ताण मोडणारा स्निग्ध पदार्थ म्हणजे सरफॅक्टंट. श्वास न जमल्याने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत नेमका तोच अपुरा असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. पण कारण कळलं म्हणून उपाय मिळत नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने ३९ तासांत गेला.

लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन २८२ गर्भवतींवर चाचणी केली. अर्ध्याअधिक जणींना बीटामेथाझोन हे स्टेरॉइड, बाकीच्यांना तुलनेचं इंजेक्शन. अचानक कळा लागलेल्या बायकांच्या बाळांत पहिल्या दिवसांतले मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले. साल १९७२. इतकं लखलखीत उत्तर हाती असूनही अमेरिकेत त्याची ठाम शिफारस व्हायला १९९४ उजाडलं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा याच औषधाच्या चाचण्यांच्या आहेत. ते चिन्ह शोभेपेक्षा लाजेचंच म्हणावं लागेल.

इथवरची गोष्ट सरळ आहे. गुंता पुढे आहे.

स्टेरॉइड दाह शमवतं आणि फुप्फुस पिकवतं. मग दाह फुप्फुसाला कच्चं ठेवत असेल, असं वाटणं साहजिक. १९९६ मध्ये क्रिस्टी वॉटरबर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडलेली निरीक्षणं उलटीच निघाली. ज्या मातांच्या गर्भवेष्टनाला दाह होता, त्यांच्या बाळांना सरफॅक्टंटअभावीचा त्रास कमी झाला. मात्र हीच बाळं पुढे फुप्फुसाच्या जुनाट विकाराला जास्त बळी पडली. अ‍ॅलन जोब यांच्या गटाने मेंढ्यांच्या गर्भजलात जिवाणूंच्या आवरणातलं विष टोचून पाहिलं. काही दिवसांतच कोकरांचं सरफॅक्टंट वाढलं, फुप्फुसं सहज फुगू लागली. वायुकोश मात्र कमी भरले.

कोकणातल्या बागायतदाराला यात काही नवं वाटणार नाही. अढीत पेंढ्याची ऊब मिळाली की कैरी लवकर रंग धरते. ऊब वाढली तर तोच आंबा आतून नासतो आणि वरून कळतही नाही. गर्भातला दाह तसाच आहे. इंटरल्यूकिन-१ सारखे त्याचे निरोप फुप्फुसाला घाई करायला लावतात, आणि घाईत वायुकोशांच्या भिंती घालण्याचं सावकाश काम मागे पडतं.

मागे पडणं किती महाग, हे आकड्यांतून कळतं. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात आणि त्यांतले बहुतेक जन्मानंतर घडतात. म्हणजे काचेच्या पेटीतलं बाळ दुखापत सोसतं ते बांधकाम चालू असतानाच. १९६७ मध्ये विल्यम नॉर्थवे यांनी स्टॅनफर्डमध्ये व्हेंटिलेटर आणि जादा प्राणवायूने चट्टे पडलेली फुप्फुसं प्रथम वर्णिली. आज यंत्रं सौम्य झाली, चट्टे कमी झाले. उरतात ते संख्येने थोडे आणि आकाराने मोठे वायुकोश.

या बांधकामावर एक झाडूवालाही असतो. मॅक्रोफेज ही रोगप्रतिकारक पेशी, शाळेच्या पुस्तकात जंतू गिळणारा शिपाई. उंदरांमध्ये तिचे पूर्वज जन्माआधीच फुप्फुसात येतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिथलेच होऊन जातात. ते कशासाठी, हे १९९४ मध्ये अपघातानेच उघड झालं. जीएम-सीएसएफ हा रक्तपेशी वाढवणारा निरोप्या. त्याचं जनुक काढलेल्या उंदरांचं रक्त बिघडेल अशी अपेक्षा होती. रक्त जवळपास ठीक राहिलं, फुप्फुसं सरफॅक्टंटने तुंबली. वापरून झालेला फेस उचलणारी मॅक्रोफेज त्या निरोपाविना तयारच होत नव्हती. जखमेवर धावणारी पेशी रोजची सफाईही करते. तिला नुसतं गप्प करून भागत नाही.

दाह गप्प करणारं स्टेरॉइड कुणाला आणि कुठे द्यावं, हा प्रश्नही तितकाच नाजूक निघाला. डेक्सामेथाझोन हे स्वस्त स्टेरॉइड खेड्यापाड्यांत पोचवून पाहावं म्हणून सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतातली केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब २०१५ मध्ये छापला गेला. सगळ्यात लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू मात्र हजारी २३.९ ऐवजी २७.४ भरले, शिवाय मातांमधल्या संसर्गाचा संशयही वाढला. गर्भाचे आठवडे नीट ठाऊक नसल्याने औषध मिळालेल्यांपैकी अनेकींची बाळं दिवस भरूनच जन्मली होती.

पुढची चाचणी २०२० ची. २,८५२ गर्भवती आणि भारतासह पाच देशांतली सोयींची रुग्णालयं. औषध तेच, पण नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर उतरले. या वेळी सोनोग्राफीने आठवडे आधी मोजले होते आणि संसर्गाची लक्षणं असलेल्या स्त्रियांना वगळलं होतं. त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने सुईला हात लावण्यापूर्वीच्या अटी घालून दिल्या होत्या: गर्भाचं वय खात्रीने माहीत हवं, आईला संसर्ग नको, आणि जन्मलेल्या बाळाला ऊब, दूध, श्वासाला आधार देणारी माणसं तिथे हजर हवीत.