विश्लेषण : ऐतिहासिक कादंबरीत भूत कशासाठी? ‘बिलव्हेड’ आणि ‘किंड्रेड’ काय सांगतात?

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की लढाया, तह, दरबार डोळ्यांसमोर येतात. मात्र मेलेले मूल परत येते किंवा आजचा माणूस अचानक दीडशे वर्षे मागे खेचला जातो, अशाही ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत. अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या याच प्रकारातल्या. त्यांना अद्भुताचा आधार का घ्यावा लागला?

मूळ घटना काय होती?

जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री कुटुंबासह केंटकीतून पळाली आणि गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीत पोहोचली. ओहायोत गुलामगिरीला बंदी होती. पण १८५०च्या कायद्यानुसार पळालेला गुलाम तेथूनही मालकाला परत करावा लागे. पकडायला माणसे आली तेव्हा, मुलीच्या वाट्याला पुन्हा तेच जिणे नको म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला ठार केले. तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालावा, असा गुलामगिरीविरोधकांचा प्रयत्न होता. कारण खटला माणसावर चालतो, मालमत्तेवर नाही. तसे झाले नाही. तिला मालकाकडे परत पाठवण्यात आले.

‘बिलव्हेड’मध्ये भूत कोणाचे?

टोनी मॉरिसन यांना ही हकिगत एका जुन्या वृत्तपत्राच्या कात्रणात सापडली. त्यावरून सुचलेली ‘बिलव्हेड’ १९८७ मध्ये आली आणि तिला १९८८चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीतला काळ १८७३चा. गुलामगिरी संपली आहे, पण सेथच्या घरात तिने मारलेल्या मुलीचे भूत वावरते. पुढे एक अनोळखी तरुणी दारात येते. तिचे नाव तेच, जे त्या मुलीच्या थडग्यावर कोरले आहे. ही खरेच ती मुलगी का, याचे ठाम उत्तर मॉरिसन देत नाहीत.

‘किंड्रेड’ची नायिका मागे का जाते?

ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ १९७९ची. १९७६ मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील डाना ही कृष्णवर्णीय लेखिका मेरीलँडमधील एका जुन्या मळ्यावर खेचली जाते, तेही पुन्हा पुन्हा. मळ्याच्या गोऱ्या मालकाचा मुलगा रूफस संकटात सापडला की तिला जावे लागते. तो तिचा पूर्वज आहे. तो वाचला नाही तर तिचे घराणेच उरणार नाही. आणि वाचवला तर गुलामांच्या छळाला तिचाच हातभार लागतो. हा प्रवास कसा घडतो, हे बटलर सांगत नाहीत.

मराठीत असे काही आहे का?

काळाची अशी सरमिसळ जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. तिथे इतिहासाचे प्राध्यापक मराठे जिंकलेल्या जगात जाऊन येतात आणि पुरावा म्हणून बखरीचे फाटके पान आणतात. मात्र नारळीकर त्यामागे विज्ञान शोधतात. मॉरिसन आणि बटलर यांचा प्रश्न वेगळा आहे : ज्यांची बखरच लिहिली गेली नाही, त्यांचे काय?

कागदपत्रे पुरेशी का नाहीत?

अमेरिकेच्या १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यात नाव मालकाचे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण. नावे बहुतेक नाहीतच. अनेक दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. म्हणजे पीडितांची साक्ष दप्तरात फारच थोडी. ‘बिलव्हेड’मधले भूत ती उणीव भरून काढते.

‘किंड्रेड’च्या शेवटी डाना पतीसह मेरीलँडमध्ये जुनी कागदपत्रे धुंडाळते. हाती लागतात दोन गोष्टी : मळ्यावरील आगीची बातमी आणि गुलामांच्या विक्रीची जाहिरात. विक्रीच्या यादीत काही ओळखीची नावे नसतात. त्या माणसांचे पुढे काय झाले, हे तिला कधीच कळत नाही. आणि बातमीत छापलेले खरे नाही, हे मात्र तिला ठाऊक असते, एव्हाना वाचकालाही.