जर्मनीतील विद्यार्थी व्हिसा आणि त्यानंतरचा निवास परवाना

जर्मनीत उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला दोन स्वतंत्र परवानग्या मिळवाव्या लागतात. देशात प्रवेश करण्यासाठी लागणारा ‘राष्ट्रीय व्हिसा’ भारतातील जर्मन वकिलाती देतात, तर शिक्षण संपेपर्यंत राहण्याचा निवास परवाना विद्यार्थी ज्या शहरात राहू लागतो तेथील परदेशी नागरिक कार्यालय देते. पर्यटक म्हणून अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर जावे आणि पुढे तेथेच तो बदलून घ्यावा, ही पळवाट सहसा उपलब्ध नसते.

व्हिसाच्या अर्जाआधी बहुतेकांना ‘एपीएस’ प्रमाणपत्र मिळवावे लागते. भारतीय पदव्या आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत की नाहीत याची तपासणी करून दिलेले हे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक झाले. त्याखेरीज उदरनिर्वाहाची तरतूद दाखवावी लागते आणि त्यासाठी विद्यार्थी प्रामुख्याने ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि जर्मनीत पोहोचल्यावर त्यांतून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. ही रक्कम शुल्क नसून विद्यार्थ्याचेच पैसे असतात, तरीही ते एकरकमी उभे करणे मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते. शिवाय म्युनिकसारख्या महागड्या शहरात त्यांतला मोठा हिस्सा घरभाड्यातच संपतो.

खरी अडचण मात्र अनेकदा तेथे पोहोचल्यावर सुरू होते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्यामुळे ज्याला पक्के घर मिळालेले नाही, त्याची पुढची कामेही अडून राहतात. व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्यासाठी अर्ज केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर ठरते आणि तसे तात्पुरते प्रमाणपत्रही मिळते. कार्यालयांतील भेटीच्या वेळा लवकर मिळत नसल्याने हा कागद फार मोलाचा ठरतो.

सामान्यतः दोन वर्षांसाठी मिळणाऱ्या या परवान्याचे नूतनीकरण करताना अभ्यासातील प्रगती पाहिली जाते. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, आणि पदवी मिळाल्यानंतर शिक्षणाला साजेसे काम शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा वेगळा परवाना मागता येतो.