मंडळींचे उद्यापन

आपल्या घरांतून व्रताच्या आरंभाइतकेच त्याचे उद्यापनही महत्त्वाचे मानितात. सोळा सोमवार यथासांग पाळले, परंतु सतराव्या सोमवारी उद्यापन केले नाही, तर व्रत अपुरे राहिले असे वडीलधारी माणसे सांगतात. संगीताच्या मंडळींना मात्र हे उद्यापन क्वचितच साधते.

गंधर्व नाटक मंडळीचेच पाहा. १९१३ साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस या तिघांनी ती भागीदारीत काढिली. १९१६ साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आले आणि भास्करबुवा बखल्यांच्या चाली घरोघर पोहोचल्या. पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष असे थोर साथीदार लाभले. परंतु टेंबे व बोडस मंडळी सोडून गेले, वैभवाबरोबर कर्ज वाढले, बोलपट आले, आणि १९३४ च्या सुमारास मंडळी बंद पडली. १९३५ साली बालगंधर्व 'धर्मात्मा' बोलपटात एकनाथ झाले. मंडळी त्यांनी पुन्हा उभी केली खरी, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत. थांबण्याची वेळ कलावंतांनी ठरविली नव्हती. ती सावकारांनी व काळाने ठरविली.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेत घडले. दिवाणखान्यात बसून ऐकावे असे एक संगीत पाश्चात्त्यांत आहे. दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो घेऊन चौघे वाजवितात. पुढे हात हालविणारा सूत्रधार नसतो. तेथील 'इमर्सन' चौकडी १९७६ साली स्थापन झाली. पहिल्या व्हायोलिनचा मान तिचे दोघे व्हायोलिनवादक आळीपाळीने घेत. कायमचा कर्ता कोणीच नव्हता. २०२१ साली, हात चालत असता व श्रोते मागत असता, या चौघांनी थांबण्याचे जाहीर केले. त्यानंतर दोन वर्षे निरोपाचे कार्यक्रम करून २०२३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे त्यांनी शेवटची बैठक केली. तीत शूबर्टची दोन चेलोंची रचना होती. दुसऱ्या चेलोवर कोण बसले? दहा वर्षांपूर्वी चौकडी सोडून गेलेले डेव्हिड फिंकेल! पूर्वी निघून गेलेला गडी उद्यापनाच्या पंक्तीला सन्मानाने बसला.

आम्हास ही गोष्ट केवळ गाण्यापुरती वाटत नाही. आमच्या मारेगावाकडे शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे तुटते. वडील हयात असेतो वाटणीचा शब्द कोणी काढीत नाही, आणि मग तो कचेरीत निघतो. एकत्र राहणे भूषणावह खरेच. पण वेगळे होणे अटळ दिसू लागले, तर ते मने शाबूत असतानाच, सर्वांनी एका पंगतीस बसून ठरवावे. म्हणजे वेगळ्या चुली मांडूनही सणावाराला परस्परांच्या उंबरठ्याशी पाऊल अडखळत नाही.