मोठ्या बिलाचा भार कोणी उचलायचा?

नांदेड/लातूर, प्रतिनिधी - लातूरच्या डाळ मिलमधील अथवा नांदेडच्या औद्योगिक वसाहतीतील जे कामगार पगारवाढीमुळे कामगार राज्य विम्याच्या कक्षेबाहेर जातात, त्यांच्या मालकासमोर दोन मार्ग असतात. विमा कंपनीकडून गटविमा घेणे हा पहिला. स्वतःचा निधी उभारून उपचारांची बिले भागविणे हा दुसरा.

दुसरा मार्ग स्वस्त वाटतो. परंतु समजा, ४० कामगारांसाठी ८ लाख रुपयांचा निधी ठेवला आणि एकाच हृदयरुग्णाचे बिल ६ लाखांवर गेले, तर उरलेल्या ३९ जणांचे काय? याच धोक्यावरचा उपाय म्हणजे 'स्टॉप-लॉस' विमा. ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा खर्च मालक करतो, त्यावरचा खर्च विमा कंपनी देते. मर्यादा प्रत्येक कामगारामागे असते, तशीच वर्षाच्या एकूण खर्चावरही असू शकते.

मात्र हा करार मालक आणि विमा कंपनी यांच्यातला असतो. भरपाई मालकाला मिळते. कामगाराचा हक्क केवळ मालकाकडे राहतो.

जोखमीची अशी विभागणी मराठवाड्याला अपरिचित नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती लातूरसह राज्यभर गेली. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या या योजनेची १ एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारतशी सांगड घालण्यात आली. त्या वेळी दीड लाखांपर्यंतचा खर्च विमा कंपनीकडे होता आणि त्यासाठी शासन प्रतिकुटुंब ७९७ रुपये हप्ता भरत होते. आयुष्मानच्या लाभार्थींसाठी दीड ते पाच लाखांपर्यंतचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटीने उचलला. स्टॉप-लॉसच्या नेमकी उलट अशी ही रचना होती. शासनामागे तिजोरी असल्याने वरचा, जड भार स्वतःकडे ठेवणे त्याला शक्य झाले. चाळीस कामगारांच्या मिलला ते झेपणारे नाही.

अमेरिकेत हा विषय दीर्घकाळ वादाचा आहे. १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे मालकांच्या स्वनिधी योजना तेथील राज्यांच्या विमा कायद्यांतून सुटल्या. राज्यांच्या हाती उरले ते स्टॉप-लॉस पॉलिसीचे नियमन. मर्यादा फारच खाली ठेवली, तर निधी नावापुरता उरतो आणि विमा नियम चुकवून चालविला जातो. म्हणून कॅलिफोर्नियाने लहान मालकांसाठी २०१६ पासून प्रतिव्यक्ती किमान ४० हजार डॉलरची मर्यादा घातली. न्यूयॉर्कने लहान मालकांना अशी पॉलिसी विकण्यासच मनाई केली. दुसरी तक्रार अशी, की नूतनीकरणाच्या वेळी कर्करोग वा मूत्रपिंडाच्या रुग्णापुरती मर्यादा वाढविली जाते. मग तो कामगार मालकाला जड वाटू लागतो.

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाचे नियम विमा कंपन्यांना लागू आहेत. गटविम्यातील कामगार पुण्याच्या विमा लोकपालाकडे दाद मागू शकतो. मालकाच्या निधीविषयीची तक्रार तेथे चालत नाही.

त्यामुळे अशा योजनेत नाव घालण्यापूर्वी कामगारांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : निधीची प्रतिव्यक्ती मर्यादा किती, त्यापुढचे बिल कोण भरणार आणि वर्ष संपण्यापूर्वीच निधी आटला तर जबाबदारी कोणाची?