उघड्या बॉनेटभोवतीच्या गप्पा

जुन्या मोटारींचे शौकीन जिथे एकत्र येतात, मग ती रॅलीआधीची पहाट असो किंवा एखाद्या गॅरेजसमोरचा रविवार, तिथले बोलणे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. कारण त्यात गाडीच्या देखणेपणाचे कौतुक थोडे असते आणि तिच्या दुखण्यांची चर्चा फार. वरवर पाहता हा निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. परंतु ज्या गाडीचा कारखाना कधीच बंद झाला आहे आणि जिची माहितीपुस्तिका सहजासहजी हाती लागत नाही, ती रस्त्यावर राखण्याची विद्या बरीचशी या गप्पांतूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते, आणि म्हणून त्या गांभीर्याने ऐकण्याजोग्या आहेत.

मुंबई-पुण्याकडच्या अशा बैठकांमध्ये फियाट हमखास निघते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने कुर्ल्याच्या कारखान्यात ज्या गाड्या बांधल्या, त्यांतील १९५० च्या दशकातील गोलसर बांध्याची मिलिचेंटो मराठी मुलखात ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाई. तिच्यानंतर १९६४ च्या सुमारास चौकोनी वळणाची ११०० डी आली आणि तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर ही या कुटुंबाची ओळख होय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूपही तिनेच घडवले. टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली.

टॅक्सी गेली याचे शौकिनांना वाटणारे दुःख केवळ स्मरणरंजनाचे नाही. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या तोवर त्यांची दुरुस्ती करणारे मिस्त्री होते आणि सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. आता तो आधार सुटल्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात काय अजून मिळते आणि कोणता भाग दुसऱ्या गाडीचा घेऊन बसवता येतो, हा प्रश्न प्रत्येक भेटीत निघतो.

या बोलण्याची खरी श्रीमंती मात्र निदानात दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात चढावर गाडी बंद पडते, सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, आणि वीस मिनिटांनी तीच गाडी निमूटपणे चालू होते. अशी तक्रार कोणी मांडली की ऐकणाऱ्यांत लगेच दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते हा ‘व्हेपर लॉक’ असतो. जुन्या फियाटचा पेट्रोल पंप विजेवर चालणारा नसून इंजिनलाच चिकटून बसवलेला आणि त्याच्याच फिरण्यावर हलणारा असतो; इंजिनची उष्णता पंपात आणि नळीत उतरली की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाचा पडदा द्रव ओढू शकतो पण वाफ नुसती दाबत राहतो, आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. दुसरा पक्ष डिस्ट्रिब्युटरकडे बोट दाखवतो. त्यातले ‘पॉइंट’ म्हणजे क्षणोक्षणी उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारे दोन छोटे धातूचे तुकडे, ज्यांच्यातील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर राखावी लागते. त्यांना जोडलेला कंडेन्सर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. लक्षणे दोन्हींची सारखीच असल्याने वाद रंगतो, आणि मग एखादा जुना जाणकार साधी परीक्षा सांगतो: गाडी बंद पडल्याबरोबर प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या धातूजवळ धरावे, सेल्फ मारावा, निळसर ठिणगी जोरात उडाली तर करंट ठीक आहे असे समजून पंपावर ओले फडके टाकावे. ही परीक्षा कोणत्या क्रमाने करायची आणि ठिणगी किती जोरकस असली म्हणजे पुरे, हे शेजारी उभे राहूनच नीट कळते.

मूळ रूपाचा वाद याहून तिखट असतो. रंग, आसनांचे कापड, चाकांच्या टोप्या कारखान्यातून निघाल्या तशाच हव्यात असे मानणाऱ्यांना डिस्क ब्रेक बसवलेली पद्मिनी खपत नाही. रोजच्या रहदारीत गाडी चालवणाऱ्याला मात्र थांबण्याची खात्री अधिक मोलाची वाटते, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. या वादाला २०२१ च्या केंद्रीय नियमांनी कायद्याची बाजू दिली. पन्नास वर्षांहून जुने, व्यापारी वापरात नसलेले आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्याने नोंदणी केल्यास क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, शुल्क वीस हजार रुपये पडते आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतेच रस्त्यावर आणता येते. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोहोचली, त्यामुळे मान घ्यावा की मोकळेपणा राखावा, ही निवड आता फियाटवाल्यांपुढेही आली आहे.

सध्या सर्वाधिक काळजीने बोलले जाते ते पेट्रोलविषयी. २००० साली देशभर शिशाविरहित पेट्रोल आले, तेव्हा शिशाच्या लेपावर विसंबलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतील या भीतीने अनेकांनी हेड उघडून कठीण धातूच्या बैठकी बसवून घेतल्या. आता वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने नवा प्रश्न उभा केला आहे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्यामुळे मऊ पडतात, आणि आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात, टाकी अर्धवट भरून गाडी दीर्घकाळ उभी करू नये आणि पंधरवड्यातून एकदा तरी तिला चांगली दूरवर फिरवून आणावी, एवढ्यावर सध्या बहुतेकांचे एकमत आहे. कार्बोरेटरचा जेट मोठा करावा की नाही, यावर मात्र अजून खल चालू आहे.